गणित छापताना फॉन्टची तक्रार आली, तर…

वाचकांचे प्रश्न, तंत्राची उत्तरं

सराव परीक्षांचे दिवस आहेत. त्यामुळे या वेळची पत्रं एकाच गोष्टीभोवती फिरतात: ब्राउझरमध्ये गणिताची सूत्रं नीट दिसत नाहीत, दिसली तर नीट छापली जात नाहीत, आणि कुठेतरी फॉन्टची सूचना झळकते.

प्रश्न : आमच्या क्लासच्या वेबसाइटवर दहावी-बारावीच्या सराव प्रश्नपत्रिका आहेत. सूत्रांसाठी मॅथजॅक्स (ब्राउझरमध्ये गणिताची सूत्रं मांडणारं सॉफ्टवेअर) वापरलंय, पान बऱ्याच वर्षांपूर्वी बनवून घेतलेलं आहे. हल्ली पान उघडलं की एक चौकट येते. तिच्यातला मजकूर साधारण असा: मॅथजॅक्स चित्ररूपी फॉन्ट वापरत आहे, पान सावकाश दिसेल आणि गणित प्रिंटरच्या पूर्ण क्षमतेनं छापलं जाणार नाही. प्रिंट खरंच धुरकट येते. ही चौकट कशी घालवायची?
— शिक्षिका, राजारामपुरी

उत्तर : चौकट घालवणं दोन मिनिटांचं काम आहे, पण मॅडम, आज ती घालवू नका. ती खरं बोलतेय.

तुमच्या पानावर मॅथजॅक्सची दुसरी किंवा त्याआधीची आवृत्ती आहे, कारण चित्ररूपी फॉन्ट त्याच पिढ्यांत होते. ही आवृत्ती आधी वाचकाच्या कॉम्प्युटरवर स्टिक्स किंवा टेक घराण्यातले गणिताचे फॉन्ट आहेत का ते बघते. नसले तर सर्व्हरवरून वेबफॉन्ट मागवते. तोही आला नाही, तर नाइलाजानं एकेका चिन्हाचं छोटं पीएनजी चित्र चिकटवते. म्हणजे चौकट दिसली याचा अर्थ पहिले दोन्ही दरवाजे बंद निघाले.

धुरकटपणाचं गणित सोपं आहे. १२ पॉइंटचं अक्षर म्हणजे इंचाचा सहावा भाग. साध्या पडद्यावर इंचाला ९६ बिंदू धरतात, म्हणजे त्या उंचीत १६ बिंदू बसतात. लेझर प्रिंटर इंचाला ६०० बिंदू टाकतो, म्हणजे तेवढ्याच उंचीत १००. पडद्याच्या मापाचं चित्र प्रिंटरनं ताणलं की इंटिग्रलच्या चिन्हाच्या कडा पायऱ्यापायऱ्यांच्या दिसणारच. टोनर बदलून किंवा जाड कागद घालून त्यात काही फरक पडत नाही.

तेव्हा वेबफॉन्ट का आला नाही ते शोधा. क्रोममध्ये पान उघडून एफ-१२ दाबा, वरच्या ओळीतलं नेटवर्क निवडा, त्यात फॉन्ट ही गाळणी लावा आणि कंट्रोल-शिफ्ट-आर दाबून पान नव्यानं आणा. आता एकेका फॉन्टची ओळ दिसेल. तिथे ४०४ असेल तर फाइल त्या जागी नाही: फोल्डर हलवला गेलाय, किंवा नाव लहान-मोठ्या लिपीत बदललंय. विंडोजला हा फरक चालतो, लिनक्स सर्व्हरला चालत नाही. पानात जुन्या सीडीएन-डॉट-मॅथजॅक्स-डॉट-ऑर्ग या पत्त्याचा उल्लेख आहे का तेही बघा. ती सेवा ३० एप्रिल २०१७ ला बंद झाली. तिच्या वळवलेल्या पत्त्यावर विसंबून चालणारी पानं अजून बरीच आहेत.

ओळ लाल आहे पण ४०४ नाही, आणि कन्सोलमध्ये (एफ-१२च्या त्याच खिडकीतला संदेशांचा भाग) ‘कॉर्स’ हा शब्द दिसतोय, असं असेल तर मामला परक्या पत्त्याचा आहे. एका पत्त्यावरचं पान दुसऱ्या पत्त्यावरून फॉन्ट मागतं तेव्हा त्या दुसऱ्या सर्व्हरनं स्पष्ट परवानगी द्यावी लागते. इथे बहुतेकांची फसगत होते ती ‘डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यू’वर. पान त्यासकट उघडलंय आणि फॉन्टचा पत्ता त्याच्याशिवाय लिहिलाय, तर माणसाला दोन्ही घरं एकच वाटतात, ब्राउझरला ती वेगळी वाटतात. म्हणूनच ‘माझ्याकडे दिसतं, पालकांकडे दिसत नाही’ असा घोळ होतो. उपाय दोन. फॉन्टचा पत्ता पूर्ण न लिहिता पानाच्या सापेक्ष लिहा. नाहीतर सर्व्हरच्या एचटीॲक्सेस फाइलमध्ये वॉफ आणि वॉफ-टू या वेबफॉन्टच्या फाइलींसाठी ‘ॲक्सेस-कंट्रोल-अलाउ-ओरिजिन’ हा हेडर लावा. पहिला उपाय बरा, कारण होस्टिंग बदललं तरी तो टिकतो.

तिसरा प्रकार जास्त छळतो. नेटवर्कमध्ये सगळं हिरवं, २०० चा म्हणजे ‘फाइल मिळाली’ असा शेरा, तरीही कन्सोलमध्ये ‘फॉन्ट डिकोड करता आला नाही’ आणि त्याखाली एसएफएनटी (फॉन्ट फाइलीची रचना) आवृत्ती चुकीची असल्याची ओळ, पुढे १००८८१३१३५ असा आकडा. या आकड्याला घाबरू नका, त्यातच उत्तर आहे. त्याचे चार बाइट सुटे केले तर ६०, ३३, ६८ आणि ७९ मिळतात. ही ‘पेक्षा लहान’चं चिन्ह, उद्गारचिन्ह, डी आणि ओ यांची सांकेतिक मूल्यं, म्हणजे एचटीएमएल पानाच्या डॉकटाइप या पहिल्या ओळीची सुरुवात. सर्व्हरनं फॉन्टऐवजी ‘पान सापडलं नाही’ हे सजवलेलं पान पाठवलं आणि वर २०० असा खोटा शेरा मारला. फाइल तिथे नाहीच. आकडा १६८४३००९० असेल तर चारही बाइट १० आहेत, म्हणजे फाइलीच्या तोंडाशी नुसत्या रिकाम्या ओळी.

फाइल जागेवर आहे पण तिचा आकार मूळ फाइलीपेक्षा काही बाइटनी वेगळा आहे, असंही होतं. मग ती एफटीपीनं (सर्व्हरवर फाइली पाठवायची पद्धत) चढवताना मजकूर समजून चढवली गेलीय. ट्रान्सफरचा प्रकार बायनरी ठेवून पुन्हा चढवा.

कारण मिटलं की मगच चौकटीकडे वळा. ती फॉन्टवॉर्निंग्ज नावाच्या एक्स्टेन्शनमधून येते. मूळ सेटिंगला ती १२ सेकंदांनी आपोआप विरते, आणि मॅथजॅक्सच्या सेटिंगमधल्या एक्स्टेन्शनच्या यादीतून ते नाव काढलं की बंद होते. त्याच वेळी एचटीएमएल-सीएसएस विभागात इमेजफॉन्टची किंमत नल करा, म्हणजे पुन्हा कधी फॉन्ट अडला तरी धुरकट चित्रं लागणार नाहीत.

कॉम्प्युटरवर स्टिक्स फॉन्ट बसवला की चौकट जाते, हा सल्ला तुम्हालाही कुणीतरी देईल. जाते, पण तुमच्या एकट्याच्या कॉम्प्युटरवर. मुलांच्या मोबाइलवर कोण बसवणार? सवड असेल तर सरळ तिसऱ्या किंवा चौथ्या आवृत्तीवर जा. तिथे चित्ररूपी फॉन्टच नाहीत. मात्र चौथ्या आवृत्तीत मूळ फॉन्ट न्यू कम्प्युटर मॉडर्न आहे आणि त्याचं पॅकेज वेगळं असतं. मॅथजॅक्स स्वतःच्या सर्व्हरवर ठेवणार असाल तर ते पॅकेजही सोबत चढवा, नाहीतर पुन्हा हीच रडकथा.

प्रश्न : माझं झेरॉक्स-डीटीपीचं दुकान आहे. मुलं पेनड्राइव्हवर सेव्ह केलेलं वेबपान आणतात. घरी बरोबर दिसत होतं म्हणतात. माझ्याकडे मोठे कंस बारके होतात, वर्गमुळाचं छप्पर तुटतं. गिऱ्हाईक मलाच दोष देतं.
— दुकानदार, मंगळवार पेठ

उत्तर : दोष तुमचा नाही. ‘सेव्ह ॲज’ करून वेबपान साठवलं की मजकूर आणि चित्रं येतात, फॉन्टच्या फाइली मात्र बहुधा मागेच राहतात. तुमच्याकडे ब्राउझर त्याच चिन्हाला दुसरा कुठलातरी फॉन्ट लावतो. गणिताच्या फॉन्टमध्ये एकाच कंसाचे लहान-मोठे चार-पाच आकार वेगळे कोरलेले असतात. साध्या फॉन्टमध्ये एकच, म्हणून तीन मजली अपूर्णांकाला वीतभर कंस हवा तिथे बोटभर येतो.

दुकानात पाटी लावा: वेबपान नको, पीडीएफ आणा. मुलानं घरीच क्रोममध्ये कंट्रोल-पी दाबून ‘सेव्ह ॲज पीडीएफ’ निवडायचं. कागद ए-फोर, स्केल १००, हेडर-फूटरची खूण काढलेली. रंगीत चौकटीत सूत्रं असतील तर ‘बॅकग्राउंड ग्राफिक्स’ची खूण लावायची, नाहीतर चौकटीचा रंग छापला जात नाही.

पीडीएफ हातात आली की छापण्याआधी तीस सेकंद खर्च करा. ॲक्रोबॅट रीडरमध्ये कंट्रोल-डी दाबा आणि फॉन्ट्स हा भाग उघडा. प्रत्येक नावापुढे ‘एम्बेडेड सबसेट’ किंवा नुसतं ‘एम्बेडेड’ लिहिलेलं हवं. म्हणजे लागणारी अक्षरं फाइलीतच बांधलेली आहेत. एखाद्या नावापुढे ते नसेल, तर छापताना तिथे काय उमटेल ते नशिबावर.

फॉन्ट बांधलेले आहेत, पडद्यावर बरोबर दिसतंय, पण प्रिंटरमधून मात्र चौकोन किंवा भलतीच अक्षरं निघतात, असं जुन्या ड्रायव्हरवर घडतं. छपाईच्या खिडकीत ॲडव्हान्स्ड बटण आहे, त्यात ‘प्रिंट ॲज इमेज’ला खूण करा आणि रिझोल्यूशन ६०० घ्या. पानं सावकाश निघतील, पण चिन्ह चुकणार नाही. दोनशे पानांच्या कामाला हे नको. तिथे ड्रायव्हरच नवा टाका.

प्रश्न : मराठी माध्यमाच्या मुलांसाठी पान करतोय. कॅटेकमध्ये (मॅथजॅक्ससारखंच सूत्रं मांडणारं सॉफ्टवेअर) ‘क्षेत्रफळ = लांबी × रुंदी’ असं सूत्र लिहिलं तर कन्सोलमध्ये दर अक्षरामागे इशारा येतो: गणिताच्या भागात युनिकोड मजकूर वापरलाय. शिवाय अक्षरं वर-खाली होतात. मॅथजॅक्सवर टाकलं तर काना-मात्रा सुटून गोल ठिपक्यांवर बसतात. मराठीत सूत्रं लिहिताच येत नाहीत का?
— बीसीएचा विद्यार्थी, इचलकरंजी

उत्तर : येतात. फक्त गणिताला मराठी शब्द म्हणजे शब्द आहे हे सांगावं लागतं.

गणिताच्या भागात प्रत्येक अक्षर हे स्वतंत्र चल धरलं जातं. ‘एबी’ म्हणजे ए गुणिले बी. त्याच न्यायानं मॅथजॅक्स तुमच्या ‘रुंदी’चे र, उकार, अनुस्वार, द आणि वेलांटी असे पाच तुकडे करून पाच खोक्यांत टाकतं. उकाराला टेकायला अक्षरच उरत नाही, मग ब्राउझर ठिपक्यांचं वर्तुळ काढून त्याला बसवतो. ‘क्षेत्रफळ’मध्ये तर जोडाक्षरं आहेत, त्यांचं काय होत असेल ते तुम्ही पाहिलंच आहे.

तेव्हा प्रत्येक मराठी शब्द ‘टेक्स्ट’ या आज्ञेच्या महिरपी कंसात लिहा: उलटी तिरपी रेघ, टेक्स्ट, मग कंसात पूर्ण शब्द. बरोबरचं आणि गुणिलेचं चिन्ह बाहेर ठेवा. युनिकोड मजकुराचा इशारा तिथेच थांबतो. मराठी आकडेही असेच आत घ्या. घातांकात देवनागरी दोन हवा असेल तर घाताच्या चिन्हानंतर पुन्हा टेक्स्ट.

राहिला वर-खालीचा प्रश्न. कॅटेकच्या स्वतःच्या फॉन्टमध्ये देवनागरी नाही. ती अक्षरं कॉम्प्युटरच्या फॉन्टमधून येतात, आणि त्यांची मापं ठाऊक नसल्यानं कॅटेक प्रत्येक अक्षर इंग्रजी मोठ्या एम एवढंच उंच धरतं. ‘र्की’सारखं रफार-वेलांटीचं अक्षर त्या मापाबाहेर जातं, म्हणून छेदात असेल तर त्याचा माथा अपूर्णांकाच्या रेघेला खेटतो, आणि अंशातल्या अक्षराचा उकार रेघेवर टेकतो. कॅटेक अशा अक्षरांना ब्राह्मिक-फॉलबॅक नावाचा क्लास लावतं. सीएसएसमध्ये (पान कसं दिसावं ते सांगणारे नियम) त्या क्लासला एकच ठराविक देवनागरी फॉन्ट द्या, नोटो किंवा मुक्ता कुठलाही, आणि आकार ०.९ ईएमच्या आसपास घ्या. मग अंशात ‘रुंदी’ आणि छेदात ‘तुर्की’ टाकून डोळ्यांनी तपासा आणि तो आकडा थोडा वर-खाली करा. मॅथजॅक्समध्ये एमटेक्स्ट-इनहेरिट-फॉन्ट हे सेटिंग ट्रू केलं की टेक्स्टमधला मजकूर पानाचाच फॉन्ट घेतो.

एक गंमत लक्षात ठेवा. कॅटेकची सीएसएस फाइल जोडायची राहिली तर प्रत्येक सूत्र दोनदा दिसतं. ते सूत्र दोन रूपांत लिहितं, एक डोळ्यांसाठी आणि एक मॅथएमएलमध्ये (गणितासाठीचे एचटीएमएलसारखे टॅग), पान मोठ्यानं वाचून दाखवणाऱ्या यंत्रांसाठी. दुसरं लपवायचं काम सीएसएसचं असतं. सूत्रं जुळी दिसली की आधी ती फाइल बघा.

प्रश्न : शाळेच्या लॅबमध्ये विंडोज ७ची मशिनं आहेत, काही लिनक्सची. मॅथएमएलमधलं पान विंडोजवर ठीक दिसतं, लिनक्सवर कंस आणि मूळ ताणलं जात नाही. ब्राउझर जुना म्हणून का?
— गणित शिक्षक, गडहिंग्लज

उत्तर : ब्राउझर नव्हे, सर. क्रोममध्ये मॅथएमएल परत आलं ते १०९व्या आवृत्तीत, जानेवारी २०२३ मध्ये. आणि योगायोग असा, की विंडोज ७ वर चालणारी शेवटची आवृत्तीही १०९च. तुमची जुनी मशिनं अगदी उंबरठ्यावर सावरली! नवे लेख उघडायला मात्र ती वापरू नका, सुरक्षेच्या दुरुस्त्या आता तिथे येत नाहीत.

फरक आहे तो फॉन्टचा. कंस ताणायचा तर फॉन्टमध्ये ‘मॅथ’ नावाचा तक्ता लागतो: कुठलं चिन्ह कोणत्या तुकड्यांनी वाढवायचं, रेघ किती जाड, घात किती वर. विंडोजबरोबर कॅम्ब्रिया मॅथ येतो, त्यात हा तक्ता आहे. लिनक्सच्या साध्या बसवणीत असा फॉन्ट असेलच असं नाही. लॅटिन मॉडर्न मॅथ किंवा स्टिक्स टू मॅथ घ्या, दोन्ही मोफत आहेत. ओटीएफ फाइल होम फोल्डरमधल्या लपलेल्या डॉट-लोकल, त्यात शेअर, त्यात फॉन्ट्स इथे टाका, टर्मिनलमध्ये एफसी-कॅशे चालवा, ब्राउझर पूर्ण बंद करून उघडा. फायरफॉक्सच्या सेटिंगमध्ये फॉन्टच्या ॲडव्हान्स्ड खिडकीत ‘मॅथेमॅटिक्स’ अशी वेगळी ओळच आहे, तिथे तो निवडता येतो.

पान तुमचंच असेल तर फॉन्ट बसवत फिरण्यापेक्षा तो वेबफॉन्ट म्हणून जोडा आणि सीएसएसमध्ये फक्त मॅथ या टॅगला लावा. आणि सीएसएसमध्ये ‘तारा’ (*) आहे का ते बघा. पूर्ण साइटला मुक्ता लावायचा म्हणून बरेच जण ताऱ्याच्या निवडीनं सगळ्या घटकांना तो फॉन्ट देतात. तारा मॅथलाही सोडत नाही. मग गणिताला तक्ता नसलेला फॉन्ट मिळतो आणि विंडोजवरसुद्धा कंस आखडतात. ताऱ्याऐवजी बॉडीला फॉन्ट द्या.

प्रश्न : फायरफॉक्सच्या कन्सोलमध्ये ‘ग्लिफ बीबॉक्स चुकीचा’ अशा पिवळ्या ओळी येतात. सूत्रं बरोबर दिसतात. काय करू?
— शाहूपुरी

उत्तर : काहीच नाही. एखाद्या अक्षराची नोंदलेली चौकट आणि खरी चौकट यांत किरकोळ फरक आहे, आणि फायरफॉक्सनं तो स्वतःच दुरुस्त करून सांगितलाय.

प्रश्न : श्रीलिपीत टाइप केलेली जुनी प्रश्नपत्रिका साइटवर चिकटवली. मजकूर गिचमिड झालाच, पण मधले काही शब्द तिरप्या इंग्रजी अक्षरांत सूत्रासारखे दिसतात!
— लिपिक, कागल

उत्तर : युनिकोड नसलेल्या फॉन्टमध्ये दिसतं मराठी, पण आत साठलेले असतात रोमन कोड. फॉन्ट गेला की कोड उघडे पडतात. त्यांत डॉलरची दोन चिन्हं आली आणि तुमच्या साइटवर डॉलर हे सूत्राचं कुंपण म्हणून ठरवलेलं असलं, की मधला मजकूर मॅथजॅक्स गणित म्हणून उचलतं. आधी कन्व्हर्टरनं युनिकोड करून घ्या आणि सूत्रं हातानं पुन्हा लिहा. कन्व्हर्टर सूत्रातल्या एक्स-वायचीही मराठी अक्षरं करून टाकतो. प्रश्नपत्रिकेत ही चूक परीक्षेच्या दिवशीच सापडते.

प्रश्न : माझ्या पानावर ‘छापा’ बटण आहे. ते प्रश्नांचा भाग नव्या खिडकीत कॉपी करून प्रिंट पाठवतं. मजकूर छापला जातो, सूत्रांच्या जागा कोऱ्या. कधी कधी पहिल्या वेळी कोऱ्या, दुसऱ्यांदा बरोबर.
— वेब डेव्हलपर, राजारामपुरी

उत्तर : हे दोन वेगळे आजार आहेत.

कायम कोरं येत असेल तर कॉपी करताना सूत्राचा अर्धा भाग मागे राहतोय. मॅथजॅक्स एसव्हीजी (रेषांनी काढलेलं चित्र) काढत असेल आणि फॉन्टकॅशे ग्लोबल असेल, तर सगळ्या अक्षरांचे आकार पानावर एकाच ठिकाणी साठवलेले असतात आणि सूत्रात फक्त त्यांचे संदर्भ असतात. नव्या खिडकीत संदर्भ गेले, आकार गेले नाहीत. इंटरनेटवरच्या बऱ्याच नमुन्यांत ग्लोबल लिहिलेलं असतं, तेच उचललं जातं. ते लोकल करा, म्हणजे प्रत्येक सूत्र आपली शिदोरी सोबत नेईल. एसव्हीजीऐवजी सीएचटीएमएल (एचटीएमएल आणि सीएसएसनं सूत्र मांडायचा मॅथजॅक्सचा प्रकार) असेल तर तिसऱ्या आवृत्तीत खुद्द अक्षरंच सीएसएसमध्ये असतात. नुसतं एचटीएमएल नेलं तर हाती सांगाडा येतो.

त्यापेक्षा नवी खिडकी हा प्रकारच सोडा. त्याच पानावर छपाईसाठीची वेगळी सीएसएस लिहा, मेनू-जाहिराती-बटणं तिच्यात लपवा, प्रत्येक प्रश्नाला ब्रेक-इनसाइड अव्हॉइड द्या म्हणजे सूत्र दोन पानांत चिरलं जाणार नाही.

पहिल्यांदा कोरं आणि दुसऱ्यांदा बरोबर, हा घाईचा आजार. फॉन्ट वाटेत असतानाच प्रिंटची आज्ञा सुटली. दुसऱ्या वेळी तो कॅशेमध्ये असतो. बरेच जण इथे दोन सेकंदांचा टायमर लावतात. घरच्या फायबरवर तो पुरतो, गावाकडच्या मोबाइल नेटवर नाही. टायमर काढा. आधी मॅथजॅक्सच्या स्टार्टअप-प्रॉमिसची वाट बघा, ते पुरं झालं की डॉक्युमेंटच्या फॉन्ट्स-रेडीची, आणि मगच प्रिंट बोलवा. हा क्रम उलटा करू नका: सूत्रं मांडली जाईपर्यंत कुठले फॉन्ट लागणार हे ब्राउझरला माहीतच नसतं, त्यामुळे आधी विचारलं तर तो खुशाल ‘तयार आहे’ म्हणून सांगतो.

एसव्हीजी निवडलंत तर गणिताच्या फॉन्टची वाट बघायलाच नको, कारण अक्षरं रेषांनीच काढली जातात. फक्त त्या पीडीएफमधल्या सूत्रांतला मजकूर निवडता किंवा शोधता येत नाही. प्रश्नपत्रिकेला ते चालतं. नोट्सला चालेल का, ते तुमच्या मुलांना विचारा.